ब्रूस टिम : रेषा आणि संयम

मुलांसाठी निर्माण होणाऱ्या कलाकृतींविषयी आपण फारसे गंभीरपणे बोलत नाही. बालवाङ्मयाच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा ॲनिमेशनपटांच्या वाट्यालाही आली आहे, आणि त्यातही मुखवटा व झगा घालून दुष्टांचे पारिपत्य करणाऱ्या महानायकांचे कार्टून म्हटले की सुजाण रसिक मान फिरवतो. अमेरिकन चित्रकार व निर्माता ब्रूस टिम याच्या कारकिर्दीकडे पाहताना मात्र हा पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. बालप्रेक्षकांसाठी घालून दिलेल्या मर्यादांतच त्याची कला उंचावली आणि त्या मर्यादा सैल झाल्यावर तिचा तोल अनेकदा ढळला, असे माझे मत आहे.

टिमचा जन्म 1961 चा. फिल्मेशन या संस्थेत त्याने उमेदवारी केली, पुढे राल्फ बक्षी यांच्या ‘मायटी माऊस’ मालिकेसाठी काम केले आणि 1989 मध्ये तो वॉर्नर ब्रदर्सच्या ॲनिमेशन विभागात दाखल झाला. तेथे एरिक रॅडोम्स्की या सहकाऱ्याबरोबर त्याने बॅटमॅनवर एक छोटासा नमुनापट तयार केला, आणि त्यातून 5 सप्टेंबर 1992 रोजी सुरू झालेली ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज’ उभी राहिली. तिची पार्श्वचित्रे रॅडोम्स्कीने काळ्या कागदावर रंगवून घेतली. पांढऱ्या कागदावर अंधार रंगवायचा, ही नेहमीची रीत. येथे अंधार गृहीत धरून त्यातून इमारतींच्या कडा, खिडक्या, दिव्यांचे झोत तेवढे वर काढले गेले. गॉथम शहराची रात्र आपल्याला खरी वाटते ती यामुळे.

त्या रात्रीत वावरणारी माणसे टिमची. रुंद खांदे, चौकोनी हनुवटी, आणि शरीरावर एकही अनावश्यक रेघ नाही. फ्लायशर बंधूंच्या 1941 च्या सुपरमॅनपटांचा वारसा त्यात स्पष्ट दिसतो. या काटकसरीला व्यावहारिक कारणही होते. भागांचे प्रत्यक्ष रेखाटन जपान, कोरिया येथील निरनिराळ्या चित्रशाळांत होई, आणि जितक्या रेषा कमी तितकी दुसऱ्याच्या हातून आकृती बिघडण्याची भीती कमी. कलावंताच्या शैलीमागे कारखान्याची गरज असावी, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मंदिरांच्या आणि चर्चच्या शिल्पकारांनाही दगडाची जात पाहूनच छिन्नी धरावी लागली आहे.

दूरचित्रवाणीचे नियम तर फारच कडक होते. टिमने गंमत म्हणून काढलेले एक चित्र प्रसिद्ध आहे : मालिकेत जे जे दाखवण्यास मनाई होती ते सारे त्याने एकाच चौकटीत कोंबले. बंदूक, फुटणारी काच, मद्य, धूम्रपान, गळा आवळणे. आणि त्या यादीत धर्मसुद्धा! (धर्म आणि मद्य यांना एकाच पंक्तीला बसवणाऱ्या अधिकाऱ्याच्या निष्पक्षपातीपणाचे कौतुकच करावे लागेल.) परंतु या बंधनांनी काय साधले ते ‘रॉबिन्स रेकनिंग’ या भागात पाहावे. सर्कशीतल्या झुल्यावरून रॉबिनचे आईवडील कोसळतात, पण त्यांचे पडणे आपल्याला दिसत नाही. दिसतो तो चौकटीत परत झुलत येणारा, तुटलेला दोर. या भागाला 1993 मध्ये एमी पारितोषिक मिळाले.

टिमने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग मला सर्वश्रेष्ठ वाटतो. लेखन पॉल डिनी यांचे, मिस्टर फ्रीझचे रूप माइक मिन्योला यांनी रेखाटलेले. तोवर हा खलनायक म्हणजे बर्फाची बंदूक बाळगणारा एक विदूषक होता. डिनी आणि टिम यांनी त्याला मरणासन्न पत्नी दिली, तिला गोठवून वाचवण्याचा प्रयत्न दिला, आणि खर्चाचा हिशेब करून तो प्रयोग बंद पाडणारा उद्योगपती दिला. ज्या दिवशी सूड घ्यायचा त्याच दिवशी त्या उद्योगपतीचा मानवतावादी म्हणून सत्कार होतो आहे! शेवटी कोठडीत बसलेला फ्रीझ हातातल्या काचेच्या गोलातील नर्तिकेकडे पाहत पत्नीची क्षमा मागतो. शासन आणि करुणा एकाच वेळी देणारी ही वीस-बावीस मिनिटे आहेत. दहा वर्षांच्या मुलाला ती सहज कळतात. मोठ्यांना कधीकधी जड जातात.

याच मालिकेतून 1992 मध्ये हार्ली क्विन जन्मली. जोकरवर जीव जडलेली, त्याच्याकडून मार खाणारी आणि पुन्हा त्याच्याकडेच परतणारी ही स्त्री विनोदी पात्र म्हणून आली. ‘मॅड लव्ह’ (1994) या चित्रकथेत डिनी व टिम यांनी त्या विनोदाखालचे व्रण दाखवले.

पुढील मालिका, म्हणजे सुपरमॅन (1996), ‘बॅटमॅन बियाँड’ (1999) आणि 2001 ते 2006 पर्यंतची ‘जस्टिस लीग’, यांनी व्याप वाढवला. रेषा अधिक टोकदार, अधिक कोरडी झाली. महानायकांची गर्दी जमल्यावर एका माणसाच्या दुःखापाशी थांबायला पूर्वीइतकी सवड उरली नाही, तरी कथनाची शिस्त टिकली. खरा धक्का बसला तो 2016 च्या ‘द किलिंग जोक’ने. प्रौढांसाठीच्या या चित्रपटाचा टिम कार्यकारी निर्माता होता. ॲलन मूर यांच्या मूळ चित्रकथेत बॅटगर्लला केवळ बळी म्हणून स्थान आहे. तिला व्यक्तिमत्त्व देण्याच्या हेतूने सुमारे अर्ध्या तासाचा नवा पूर्वभाग जोडला गेला, आणि त्यात बॅटमॅनशी तिचा शरीरसंबंध दाखवून तिला आणखीच लहान केले गेले. सर्व काही दाखवण्याची मुभा होती. पण तुटलेल्या दोराने जे सांगितले होते त्याच्या जवळपासही हे दृश्य पोचत नाही.

2024 मध्ये आलेल्या ‘बॅटमॅन : केप्ड क्रूसेडर’ या दहा भागांच्या मालिकेत टिम पुन्हा 1940 च्या दशकासारख्या गॉथममध्ये परतला. बॅटमॅनला आवाज देणारे केविन कॉनरॉय 2022 मध्येच निवर्तले होते. येथली हार्ली जोकरची कोणी लागत नाही. ती स्वतंत्र, धूर्त, धनिकांना धडा शिकवणारी मानसोपचारतज्ज्ञ आहे. बदल धाडसी आहे आणि आजच्या दृष्टीला सुखावणाराही, परंतु जुन्या हार्लीच्या हसण्यात जो हुंदका दडलेला होता, तो या नव्या हार्लीत मला ऐकू आला नाही.