राजा आजारी पडत नाही : चिनी वैद्यकातलं हृदय

मागच्या व्याख्यानात आपण 'छी' या संकल्पनेबद्दल बोललो. आज हृदय घेऊ. चिनी भाषेत हृदयाला 'शिन' म्हणतात, आणि अडचण इथूनच सुरू होते. मराठीत मन वेगळं, हृदय वेगळं. 'शिन' म्हणजे दोन्ही. मेन्सियसच्या मते विचार करणं हे शिनचं काम आहे, डोळे आणि कान ते करत नाहीत. राग, भीती, विसरणं या शब्दांची चिनी अक्षरं बघा, प्रत्येकाच्या तळाशी शिनचंच चिन्ह आहे. तेव्हा 'हृदयाचा मनाशी संबंध काय?' हा आपला प्रश्न त्या भाषेत नीट मांडतासुद्धा येत नाही.

या वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'ह्वांगदी नैचिंग'. त्याचा बराचसा भाग हान राजवटीच्या काळात संकलित झाला असं मानतात. त्यात शरीर म्हणजे एक दरबार आहे. हृदय राजा, फुफ्फुस प्रधान, यकृत सेनापती. राजाची बुद्धी स्वच्छ असेल तर सगळे अधिकारी सुखरूप, नाहीतर सगळेच धोक्यात. विखुरलेली राज्यं नुकतीच एका साम्राज्याखाली आली होती, त्या काळात ही कल्पना आकाराला आली. हृदय कापून बघितलं आणि ते राजा निघालं, असं काही झालेलं नाही. राजा हे पद आहे, आणि ते पद हृदयाला दिलं गेलं.

आता या मांडणीचं बळ आधी मान्य करू. झोप न येणं, छातीत धडधडणं, विसरभोळेपणा, विनाकारण घालमेल, या तक्रारी एकाच माणसाला एकदम होतात हे आपण सगळे जाणतो. चिनी वैद्य त्यांना एकत्र ऐकतो आणि म्हणतो, 'शन' म्हणजे चैतन्य, ते अस्वस्थ आहे, कारण त्याचं घर असलेलं हृदय अस्वस्थ आहे. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1980 साली चीनमधल्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. त्यांपैकी 87 जण पाश्चात्त्य निकषांनुसार गंभीर नैराश्याचे रुग्ण ठरले. तक्रारी मात्र डोकेदुखीच्या, निद्रानाशाच्या होत्या. मनाचं दुःख शरीरावर ढकललं गेलं, असं याचं वर्णन सर्रास केलं जातं. पण ढकलायला आधी दोन खोल्या हव्यात ना! ज्या भाषेत भिंतच नाही, तिथे 'ढकललं' म्हणणं हा आपला आग्रह झाला.

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र माझा आक्षेप आहे.

1990 साली जपानी डॉक्टरांनी एक विकार नोंदवला. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो, त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्यावरून विकाराचं नाव 'ताकोत्सुबो'. यावर उत्साही मंडळी म्हणतात, बघा, चिनी वैद्यांना हे आधीच ठाऊक होतं! जरा थांबा. पंचभावनांच्या प्रसिद्ध कोष्टकात शोक फुफ्फुसाकडे आहे. हृदयाच्या वाट्याला आलाय आनंद. मग कुणी त्याच ग्रंथातला दुसरा अध्याय काढून दाखवतो : शोकाने हृदय हलतं आणि मग सगळे अवयव हलतात. दोन्ही विधानं तिथे आहेत. म्हणूनच मी म्हणतो, जी मांडणी दोन्ही बाजूंनी खरी ठरते तिला प्रयोगाने सिद्ध झाली म्हणता येत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात म्हटलंय की हृदयात रोग शिरूच शकत नाही. शिरला तर चैतन्य निघून जातं आणि माणूस मरतो. म्हणून रोग हृदयाच्या आवरणावर थांबतो. राजा निर्दोष, मार खाणार अंगरक्षक! राजनीती म्हणून हे समजतं. पण निरीक्षण राजाच्या विरोधात गेलं तर ते झेलायला अंगरक्षक तयारच असतो.

हा दरबार आतूनही हादरला होता. वांग छिंगरन नावाच्या वैद्याने 1797 मध्ये साथीत दगावलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेतं तपासली, आणि 1830 मध्ये पुस्तक काढून लिहिलं की स्मरण आणि बुद्धी मेंदूत आहेत, हृदयात नाहीत. गंमत म्हणजे हाच माणूस मुख्य धमनीत रक्त नसून वायू वाहतो असंही सांगून गेला, कारण प्रेतात ती त्याला रिकामी दिसली. म्हणजे नुसतं बघूनही भागत नाही, बघितलेलं पुन्हा तपासावं लागतं.

मग निष्कर्ष काय? शिन ही अनुभवाची उत्तम भाषा आहे, पण कारणांचं शास्त्र म्हणून ती अपुरी आहे. भाषा म्हणून तिचा उपयोग आजच्या हृदयरोगतज्ज्ञालाही आहे. रुग्णाला 'झोप लागते का, घरी काय चाललंय' हे त्याने विचारलंच पाहिजे. पण छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात जड झाला, तर चैतन्य अस्वस्थ आहे की आवरण, याची चर्चा करत बसू नका. आधी इस्पितळ गाठा, ईसीजी काढा. रक्तवाहिनीतल्या गुठळीला आपलं तत्त्वज्ञान कळत नाही, आणि तिथे वेळ मिनिटांत मोजतात.

पुढच्या वेळी मूत्रपिंड आणि भीती. आता प्रश्न घेऊ.