जॅझची कृती आणि तिचा श्रोता

जॅझविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते आढळतात. हे नृत्यगृहातले करमणुकीचे संगीत आहे, हे एक. आणि आपल्या रागसंगीताप्रमाणेच ते उत्स्फूर्त असल्यामुळे आपल्याला ते सहज कळावे, हे दुसरे. पहिल्या मताचा परामर्श घेण्याचे आता कारण उरलेले नाही. दुसरे मत मात्र अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यच रसिकाला अधिक काळ चकवते.

रागाच्या बढतीला सरावलेला कान जॅझमध्येही स्वरांची तशीच क्रमाक्रमाने होणारी उकल शोधू लागतो. ती सापडत नाही तेव्हा वादक भरकटला असे त्याला वाटते. वस्तुतः जॅझवादकाच्या हाती राग नसतो. असते ते एखादे साधे गीत, पुष्कळदा रंगभूमीसाठी रचलेले, आणि त्या गीताच्या तळाशी असलेला हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचा, ठरावीक क्रम. तो बहुधा ३२ खंडांत पुरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ब्लूजमध्ये तो १२ खंडांचा असतो. आपल्या तालाच्या आवर्तनाशी याचे साम्य आहे खरे. पण आवर्तन केवळ काळ मोजते, हे चक्र काळ मोजता मोजता पायाखालची स्वरभूमीही पालटत असते. तंबोऱ्याचा अचल षड्ज येथे नाही. वादकाची कसोटी लागते ती या सरकत्या भूमीवर स्वतःचे वाक्य तोल न ढळू देता उभे करण्यात.

नवख्याला सामान्यतः मायल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) ही ध्वनिमुद्रिका सुचविली जाते. तिच्या श्रेष्ठतेविषयी वाद नाही. परंतु भारतीय श्रोत्याने तेथून आरंभ करू नये, असे मला वाटते. तीत हार्मनीची ये-जा बरीच थांबविलेली आहे. एकेका स्वरपंक्तीवर वादक दीर्घकाळ रेंगाळतो. आपला कान तेथे तत्काळ विसावतो, आणि विसावलेला कान नवे काही शिकत नाही.

त्यापेक्षा एकच गीत घ्यावे आणि ते अनेकांच्या हातून ऐकावे. जॉनी ग्रीनने १९३० साली स्वरबद्ध केलेले 'बॉडी अँड सोल' यासाठी उत्तम. लुई आर्मस्ट्राँगने ते त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केले. ते प्रथम ऐकावे म्हणजे चाल ओळखीची होते. त्याच्या मधल्या आठ खंडांत गीत एकाएकी दूरच्या स्वरस्थानी उडी घेते आणि हळूच परतते. ही वळणे कानात पक्की बसेपर्यंत पुढे जाऊ नये. मग कोलमन हॉकिन्सचे ११ ऑक्टोबर १९३९ चे सॅक्सोफोनवादन ऐकावे.

पियानोच्या चार खंडांनंतर हॉकिन्स चालीच्या आसपास राहून आरंभ करतो, आणि थोड्याच अवधीत चाल सोडून देतो. सुमारे तीन मिनिटांच्या त्या वादनात गीताची दोन चक्रे होतात. गीत मात्र पुन्हा जसेच्या तसे येत नाही. तरीही ते हरवत नाही. त्याचा तळ ऐकू येत राहतो, आणि त्यावर एक सर्वस्वी दुसरे, अधिक गंभीर गीत रचले जाते. रंगभूमीच्या व्यवसायातले एक प्रेमगीत ज्या वादकाने असे आपलेसे केले, त्याच्या वंशाच्या कलावंतांना त्या काळी अमेरिकेतल्या अनेक हॉटेलांत पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. दुसऱ्याच्या गीतात स्वतःचे बोलणे म्हणजे काय, हे या तबकडीवरून कळते.

मग कृती कोणती? ग्रीनचे गीत, की ही तीन मिनिटे? साहित्याचे समीक्षक संहितेलाच कृती मानून चालतात. येथे संहिता निमित्तमात्र झाली आहे. पण गंमत अशी की तबकडीने त्या क्षणिक वादनालाच संहिता करून टाकले. पुढच्या सॅक्सोफोनवादकांनी ते स्वरन् स्वर पाठ केले. ज्याचे सारे महत्त्व पुन्हा तसे न होण्यात, तेच अभ्यासक्रम झाले. हा अंतर्विरोध जॅझने अद्याप सोडविलेला नाही. सोडवावा असेही नाही.

१९४० साली बिली हॉलिडेने हेच गीत गायिले. ती चक्राशी झुंजत नाही. तिचा शब्द तालाच्या किंचित मागे रेंगाळतो, आणि त्या विलंबातच सारा आशय साठतो. हे अंतर स्वरलेखनात उतरत नाही.

आपल्या चित्रपटसंगीताने जॅझ उचलले, ते या अंगाने नव्हे. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांतून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले; सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तून (१९५१) त्यांच्या वाद्यांचा रंग घरोघर पोहोचला. रंग आला, मोकळीक आली नाही. तीन मिनिटांच्या बांधीव गाण्यात ती येणारही नव्हती, असे म्हणावे तर हॉकिन्सची तबकडीही तेवढीच होती.

शेवटी जॉन कोल्ट्रेनचे १९६० चे 'बॉडी अँड सोल' ऐकावे. मंद्रातला स्वर तेथे बराच वेळ एकाच ठिकाणी धरलेला आहे, जणू तंबोराच. एल्विन जोन्सचे ड्रम्स साथ करीत नाहीत, उत्तरे देतात. येथे भारतीय श्रोत्याला घरी आल्यासारखे वाटेल. मात्र आर्मस्ट्राँग, हॉकिन्स आणि हॉलिडे ऐकून आलेल्यालाच कोल्ट्रेनने जागीच थांबविलेले ते चक्र अजून आत फिरताना ऐकू येईल.