विनामूल्य एपीआय सेवा : विश्वसनीयता आणि प्रवेशशर्ती यांची तौलनिक चिकित्सा

संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या संशोधनात ‘एपीआय’ला आज महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. एका संस्थेच्या माहितीसाठ्यातून दुसऱ्या संगणकप्रणालीस ठरावीक नियमांनुसार माहिती मागता यावी, यासाठी केलेली सोय म्हणजे एपीआय. अशा विनामूल्य सेवांची विश्वसनीयता बहुधा त्या किती काळ अखंड चालतात यावरून ठरविली जाते. हा निकष अपुरा असल्याचे पुढील तीन सेवांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये पात्र संशोधकांना दरमहा १ कोटी ट्वीटपर्यंत विनामूल्य प्रवेश दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीची मालकी बदलली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनामूल्य प्रवेश बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी संशोधकांची सवलतही संपुष्टात आली. कंपनीच्या शर्तींमुळे अभ्यासक मूळ मजकुराऐवजी बहुधा ट्वीटांचे क्रमांकच प्रसिद्ध करीत. त्या क्रमांकांवरून मजकूर मिळविण्याचा मार्ग एपीआयच होता. परिणामी पूर्वीच्या निष्कर्षांची फेरतपासणी दुष्कर झाली.

याउलट, स्थलनामावरून अक्षांश-रेखांश देणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपच्या ‘नॉमिनॅटिम’ या सेवेच्या शर्ती वरकरणी कठोर आहेत. सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला कमाल १ विनंती, मागणाऱ्या प्रणालीची ओळख आणि श्रेयनिर्देश ही बंधने तेथे आहेत. मात्र माहिती आणि आज्ञावली दोन्ही मुक्त परवान्याखाली असल्याने ही सेवा स्वतःच्या संगणकावरही उभारता येते.

संशोधनलेखांची ग्रंथसूचीविषयक माहिती देणारी क्रॉसरेफची सेवा नोंदणीशिवाय उपलब्ध आहे. विनंतीसोबत ई-मेल पत्ता देणाऱ्यांसाठी तेथे स्वतंत्र व्यवस्था आहे. शिवाय २०२० पासून संपूर्ण साठ्याच्या सार्वजनिक प्रतीही प्रसिद्ध होत आल्या आहेत.

सारांश, ट्विटरची मर्यादा उदार होती, परंतु हक्क नव्हता. नॉमिनॅटिमची मर्यादा कडक आहे, परंतु हक्क अबाधित आहे. अर्थात, स्वतंत्र सर्व्हर चालविण्यास लागणारी साधने व कौशल्य लहान महाविद्यालयांपाशी असतीलच असे नाही. तेथे विद्यापीठ पातळीवरील सामायिक व्यवस्था अधिक व्यवहार्य ठरते.

म्हणून एपीआयवर आधारित शोधप्रकल्पास मान्यता देताना मार्गदर्शकांनी सेवेच्या वेगाआधी तिचा परवाना तपासणे अगत्याचे आहे. सेवा बंद पडल्यावरही माहिती बाळगण्याचा व इतरांना देण्याचा अधिकार उरत नसेल, तर ते संशोधन दात्याच्या मर्जीवरच उभे राहते.