भोजाचा लाकडी पक्षी आणि इंदूरचं आकाश

'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात राजगृहाचा अध्याय संपतो, गजशाळेचा अजून सुरू व्हायचा असतो आणि त्या दोहोंच्या मधे यंत्रांचा अध्याय येतो. क्रमांक एकतिसावा. ग्रंथ वास्तुशास्त्राचा. नगर कुठे वसवावं, राजमार्ग किती रुंद ठेवावा, घराची रचना कशी असावी, याचा विचार करणारा. अकराव्या शतकात माळव्यावर राज्य करणाऱ्या परमार राजा भोजाच्या नावावर तो आहे आणि भोजाची धार आमच्या इंदूरपासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर. १९२४-२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत टी. गणपतिशास्त्र्यांनी तो दोन खंडांत संपादून छापला. हवाई टॅक्सीच्या बातम्या येऊ लागल्यापासून मी हा एकच अध्याय पुन्हा पुन्हा उघडतो. उडत्या यंत्राचं वर्णन नगररचनेच्या ग्रंथात यावं, ही जागाच मला विलक्षण वाटते.

वर्णन चारच श्लोकांचं आहे. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याचं अंग घट्ट आणि नीट सांधलेलं असावं. पोटात पाऱ्याचं यंत्र, त्याखाली निखाऱ्यांचं पात्र. वर एक माणूस बसतो, पंखांच्या हालचालीने वारा सुटतो आणि पाऱ्याच्या शक्तीने तो माणूस आकाशात दूर जातो. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वजन, मग सांधे, मग पोटातली शक्ती, मग आग. माणूस या सगळ्यानंतर येतो. कवी असता तर त्याने उडणाऱ्यापासून सुरुवात केली असती. हा सुताराच्या बाजूने पाहतो.

आणि त्या माणसाविषयी भोज एकच विशेषण वापरतो: त्याचं मन निजलेलं आहे. आकाशात जाणाऱ्याच्या अंतःकरणात धडधड नाही. खाली बघणाऱ्यांना अचंबा, वरच्याला शांतता. साऱ्या वर्णनात मला सर्वांत सुंदर वाटते ती ही जागा. प्रवासी वाहतुकीचं सारं शास्त्र शेवटी याच अवस्थेसाठी खपतं. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने शहरावरून प्रवासी नेणाऱ्या विजेवर सरळ वर उठणाऱ्या यानांसाठी घातलेली अट अशी, की प्राणघातक बिघाडाची शक्यता एक अब्ज उड्डाणतासांत एकाहून जास्त असता कामा नये. आकडा रुक्ष आहे, पण त्यातून मिळवायचं आहे ते निजलेलं मनच.

लाकूड हलकं, पण पारा? पाण्याच्या साडेतेरा पट जड. हलक्या देहात जड शक्ती ठेवायची, हा पेच त्या श्लोकातच आहे, आणि आजच्या यानाचाही तोच आहे. लाकडाच्या जागी कार्बन धाग्यांचं अंग आलं, पाऱ्याच्या जागी लिथियमची बॅटरी. एक किलो बॅटरीत साधारण अडीचशे वॅट-तास ऊर्जा मावते, एक किलो विमान इंधनात बारा हजारांच्या आसपास. विजेची मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते म्हणून थोडी भरपाई होते, पण इंधन जळेल तसं विमान हलकं होतं, बॅटरीचं वजन मात्र उतरेपर्यंत तेवढंच राहतं. शिवाय सरळ वर उठणं हीच सर्वांत खर्चीक हालचाल. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते आणि तेवढंच वजन उचलायला जास्त शक्ती लागते. म्हणून दोन-चार प्रवासी आणि थोडं अंतर, एवढाच हिशेब सध्या जमतो.

भोजाने विमान उडवलं होतं, असं मला म्हणायचं नाही. तापलेल्या पाऱ्याने लाकडी पक्षी उडणार नाही आणि विषारी वाफेने वर बसलेला माणूस मात्र मरेल. या ग्रंथाची 'वैमानिकशास्त्रा'शी गल्लतही करू नये. तो मजकूर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असल्याचं आणि त्यातली यानं उडू शकत नसल्याचं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. अकराव्या शतकातला हा अध्याय खरा आहे आणि त्याची थोरवी पक्ष्यात नाही. ती आहे चांगल्या यंत्राचे गुण सांगणाऱ्या श्लोकांत, ज्यांच्याकडे उडत्या पक्ष्याच्या नादात वाचकांचं लक्ष जात नाही.

संस्कृतचे अभ्यासक वे. राघवन यांनी या अध्यायाचा बारकाईने अभ्यास केला आणि ते गुण वीस मोजले. यंत्र हलकं असावं. सैल नसावं, ताठरही नसावं. चाल अडखळू नये, तिला लय असावी. हवं तेव्हा सुरू व्हावं, नको तेव्हा स्तब्ध व्हावं. बेढब दिसू नये. दीर्घकाळ टिकावं. यातला एकही गुण चमत्काराचा नाही, सगळे रोज यंत्र वापरणाऱ्याच्या गरजेचे आहेत. जिथे आवाज अपेक्षित नाही तिथे तो होऊ नये आणि जिथे आवाज हाच हेतू तिथे तो मोठा व्हावा, असे दोन स्वतंत्र गुण आहेत. आवाज हा यंत्राचा दोष कधी आणि काम कधी, हा भेद त्या काळी कुणाला सुचावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

कारण लाकडी पक्ष्याच्या पुढच्याच, देवळाएवढ्या थोरल्या विमानात पाऱ्याचे चार भक्कम कुंभ आहेत आणि ते तापून गर्जतात. असा गर्जणारा पारा हत्तींना बिथरवण्याच्याही कामाचा आहे. गजशाळेचा अध्याय लागूनच आहे, हे विसरू नये! तरीही ते विमान भोजाच्या लेखी आकाशाचा दागिना होतं. शहराच्या हवाई वाहतुकीची खरी परीक्षा इथेच आहे. खाली राहणाऱ्याला तो दागिना वाटेल की त्रास? अमेरिकेतल्या जोबी कंपनीचं यान सुमारे पाचशे मीटर उंचीवरून जाताना नासाच्या मोजणीत आवाज ४५ डेसिबलच्या आसपास भरला. हेलिकॉप्टरच्या मानाने फारच कमी. पण असं एक यान जाणं वेगळं आणि दर दोन मिनिटांनी जाणं वेगळं.

चारही श्लोकांत एक गोष्ट नाही. पक्षी दूर जातो. उतरतो कुठे, ते भोज सांगत नाही. नगराचा एवढा बारीक आराखडा देणाऱ्याने हे राहू द्यावं, ही या वर्णनातली मला खटकणारी उणीव. आज अडतं ते उतरण्यापाशीच. आमचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला बिजासनच्या टेकडीजवळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनचं सगळं आकाश पिवळ्या क्षेत्रात येतं, म्हणजे साधा ड्रोन उडवायलाही हवाई नियंत्रणाची परवानगी हवी. सात मजली राजवाडा आणि सराफा बाजार त्यातच येतात. त्या गल्ल्यांत उतरण-चौक करायचा तर काय पाडणार? पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबारला इंदूरचा जो नगररचना अहवाल दिला, त्यात जुन्या वस्तीत कमीत कमी पाडापाडी करण्याचा आग्रह होता. आणि टिकण्याच्या गुणाबद्दल बोलायचं तर २०१३ साली सुरू झालेला आमचा बीआरटीएस, म्हणजे जलद बसचा राखीव मार्ग, २०२५ मध्ये काढायला घेतला. जमिनीवरचं नियोजन बारा वर्षं टिकत नसेल, तर आकाशातले मार्ग आखताना घाई नको.

अध्याय राजगृहाला लागून आहे, म्हणजे यंत्र प्रथम राजाचं. दिल्लीसाठी २०२३ मध्ये इंटरग्लोब आणि आर्चर या कंपन्यांनी जाहीर केलेली योजनाही त्याच वळणाची, कॅनॉट प्लेसहून सात मिनिटांत गुरुग्राम गाठण्याची होती. इंदूरने मात्र दुसरं काहीतरी आधीच करून दाखवलं आहे. अवयवदानानंतर यकृत किंवा हृदय वेळेत पोचावं म्हणून पोलिस चौकामागून चौक थांबवतात, ग्रीन कॉरिडॉर करतात, आणि सारं शहर कुरकुर न करता थांबतं. असे कॉरिडॉर इथे अनेकदा झाले आहेत. या शहरावरून पहिलं यान जावं ते अशी पेटी घेऊन, असं मला मनापासून वाटतं. हवं तेव्हा सुरू होणं, नको तेव्हा स्तब्ध होणं, हे दोन गुण त्या कामाइतके दुसरीकडे कुठे लागतील?

एका ठिकाणी मात्र भोजाशी माझं जमत नाही. यंत्रांची जोडणी मुद्दाम सांगितली नाही, अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, उघड झाली तर ती फळ देत नाहीत, असं तो स्पष्ट लिहितो. राजाला ते परवडतं. प्रवाशाला नाही. विमानविद्या उभी राहिली ती उलट मार्गाने: प्रत्येक सांधा तपासनिसापुढे उघडा करायचा, प्रत्येक अपघाताचा अहवाल छापायचा, एकाची चूक सगळ्यांनी वाचायची. चीनच्या ईहँग कंपनीच्या वैमानिकाविना उडणाऱ्या दोन आसनी यानाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाचं प्रमाणपत्र मिळालं, ते अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर. जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर यांना २०२४ अखेर दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. यानं उडत होती, पण प्रमाणपत्राच्या वाटेवर पैसा संपला.

याच अध्यायात यंत्र करणाऱ्याला काय काय हवं, तेही भोज सांगतो: परंपरेने आलेली जाण, गुरूकडून मिळवलेलं कौशल्य, शास्त्राचा अभ्यास, वास्तुकामाचा प्रत्यक्ष सराव आणि बुद्धी. बुद्धी शेवटी आहे. तिच्याआधी प्रत्यक्ष बांधकामात राबलेला हात.