उंबऱ्यापुढची रेघ

रांगोळीची समीक्षा करायची म्हटले की लोक हसतात. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या बैठकीचेही होते. पण पहाटे काढायची आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीने झाडून टाकायची, तिच्यावर लिहायचे काय? तरीही परीक्षण आपण करतोच. ठाण्या-डोंबिवलीच्या एखाद्या रांगोळी-प्रदर्शनात घटकाभर उभे राहा. एकच उद्गार पुनःपुन्हा कानी पडेल : "अगदी फोटोसारखी!" माझे भांडण आहे ते या उद्गाराशी.

व्यक्तिचित्रे काढणाऱ्या कलावंतांशी ते मुळीच नाही. तासन् तास गुडघे टेकून बसायचे, गालावरची छाया चिमटीचिमटीने गडद करत न्यायची, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सारे मुसळ केरात! ही साधना लहान नव्हे. पण फोटो जेमतेम दोनशे वर्षांचा. धूलिचित्राचा उल्लेख मात्र 'मानसोल्लास' या ग्रंथात, 1131 च्या सुमारास सापडतो. ग्रंथकर्ता तिसरा सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा. ती कल्याणी म्हणजे कर्नाटकातले बसवकल्याण, आपले खाडीकाठचे कल्याण नव्हे. इतक्या जुन्या कलेला कालच्या यंत्राची फूटपट्टी का लावावी?

रांगोळीला तिचे स्वतःचे व्याकरण आहे, आणि प्रत्येक प्रांताने ते हाताशी असलेल्या वस्तूंतून घडवले. बंगाली अल्पना तांदळाच्या ओल्या, पातळ पिठाची. चिंधी त्यात बुडवून बोटाने रेघ ओढायची. म्हणून तिथे वेली वाहतात, पाने डोलतात. राजस्थानी मांडणा गेरूच्या तांबड्या जमिनीवर खडीने काढतात. त्याची रेघ ठाम, भूमितीची. तमिळ कोलम कोरड्या तांदूळपिठीचा. आपल्याकडे कोकणात भाताचे तूस जाळून केलेली पांढरी पूड, तर घाटावर शिरगोळ्याची.

हे पाहायला प्रवास नको. डोंबिवलीत अनेक इमारतींच्या एकाच मजल्यावर दोन प्रांत शेजारी नांदतात. मराठी दारापुढे ठिपके जोडून कमळ उमलते. शेजारच्या तमिळ दारापुढे रेघ ठिपक्यांना स्पर्शही न करता त्यांच्याभोवती वळसे घेत जाते आणि निघाली तिथेच परत येऊन मिळते. त्या प्रकाराला 'सिक्कू कोलम' म्हणतात. सिक्कू म्हणजे गुंता. एकीकडे ठिपका हा मुक्काम, दुसरीकडे तो खांब. या दोन दारांमधला फरक जो जिन्यावर थांबून पाहील, तो रांगोळीचा खरा रसिक.

आमचे चैत्रांगण तर चित्रांची वहीच. मखरातली गौर मध्ये. भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन, आणि त्यांच्याच पंक्तीला फणी आणि करंडाही! देवाच्या आयुधांशेजारी वेणीफणी मांडण्याची ही मोकळीक मला थोर वाटते. पण चैत्रांगणाला अंगण लागते. वाडे गेले, चाळी गेल्या, दारापुढे फरशीचे दोन हात उरले. त्या जागेत छाप्याची जाळी आणि चिकटवायची रांगोळी येऊन बसली.

अशा वेळी, 1981 मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या शैलीने रांगोळी घरातून रस्त्यावर आणली, हे तिचे मोठे ऋण. चाळणीने रंग पसरायचा आणि त्यावर पाचही बोटांतून पांढरी रेघ सोडायची. त्यामुळे हात मोठा झाला, अनेकांचे हात एकत्र आले, पुरुषही जमिनीवर बसले. डोंबिवलीत 1999 पासून निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचा मार्ग या रेघेवाचून डोळ्यांपुढे येत नाही. ठाण्याच्या गावदेवी मैदानावर 2018 च्या पाडव्याला तर सुमारे 18,000 चौरस फुटांची रांगोळी उमटली.

मात्र याच यशात एक धोका आहे. शिकवता येणारी शैली झपाट्याने पसरते, आणि पसरताना घराघरांतले फरक पुसत जाते. तीच वर्तुळे, तीच कमळे, तीच सर्परेषा ठाण्यात आणि नागपुरातही. आजीची गोपद्मे जराशी वाकडी असत. पण ती आजीची असत. मैदानासाठी सामुदायिक शैली हवीच. उंबऱ्यापुढे मात्र घराची रेघ हवी; ती एकदा विस्मरणात गेली, की कोणत्याही शिबिरात परत शिकता येणार नाही, कारण ती एकाच हातातून दुसऱ्या हातात जात आलेली असते.

तेव्हा यंदा वसुबारसेला जाळी आणण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा : तुमच्या माहेरी काय काढत? ती म्हणेल, "आता कुठे आठवतंय!" चिमूटभर रांगोळी तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. पुष्कळदा डोक्याला आठवत नाही ते बोटांना आठवते.