शीतक तापमान संवेदकाची तपासणी व अंशशोधन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञान शिक्षणाने ग्रामीण जीवनाशी नाते जोडावे, अशी अपेक्षा आपण चर्चासत्रांतून वारंवार व्यक्त करतो. हे नाते कितपत जुळले आहे, हे पाहण्यास एखादी लहानशी वस्तूही पुरेशी ठरते. मोटारीच्या इंजिनातील शीतक तापमान संवेदक, ज्याला गॅरेजमध्ये 'टेम्परेचर सेन्सर' म्हणतात, ही अशीच एक वस्तू होय. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात सोयाबीन किंवा हळद वाहणारी गाडी भर उन्हाळ्यात तापली, की संशय बरेचदा या सेन्सरवर येतो आणि तपासणीविनाच तो बदलला जातो. प्रस्तुत लेखात गॅरेज व महाविद्यालयीन प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा केली आहे.

संवेदकाचे स्वरूप :

हा संवेदक म्हणजे मुळात थर्मिस्टर होय. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. हा गुणधर्म मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदविला होता. अनेक मोटारींतील संवेदकाचा रोध २० अंश सेल्सिअसला २ ते ३ किलोओहम, तर ८० अंशांना २०० ते ४०० ओहम असतो. इंजिनाचा नियंत्रक, म्हणजे ईसीयू, एका ठरावीक रोधकामार्फत त्याला ५ व्होल्ट पुरवितो, संवेदकावरील विभवांतर मोजतो आणि स्मृतीतील कोष्टकावरून तापमान ठरवितो. इंधन किती द्यावयाचे व पंखा केव्हा सुरू करावयाचा, हे निर्णय त्यावर अवलंबून असतात.

प्रचलित पद्धतींची चिकित्सा :

'संवेदक चालू आहे काय?' हा तपासणीचा प्रश्न आहे. 'तो किती अंशांनी चुकतो?' हा अंशशोधनाचा. गॅरेजमध्ये बहुधा पहिल्याच प्रश्नावर काम थांबते. थंड इंजिनावर मल्टिमीटरने रोध पाहिला, आकडा आला, म्हणजे सेन्सर ठीक. परंतु खरा दोष अनेकदा गंजलेल्या जोडणीत असतो. समजा, जोडणीत ३० ओहमचा जादा रोध निर्माण झाला. २० अंशांना अडीच हजार ओहमांत तो नगण्य ठरतो. ८० अंशांना मात्र तो तीनशे ओहमांच्या दहा टक्के होतो. या तापमानाजवळ १ अंशाने रोध साधारण ३ टक्के बदलतो. म्हणजे नियंत्रकाला इंजिन तीन-साडेतीन अंशांनी थंड भासते व पंखा उशिरा सुरू होतो. नवा सेन्सर बसविल्याने हा दोष जात नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्वत्र आढळते. मग इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अधिक जळते आणि कमी तापमान प्रामाणिकपणे सांगणारा सेन्सरच दोषी ठरतो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेची स्थिती यापेक्षा वेगळी आहे, पण समाधानकारक नाही. थर्मिस्टरचा प्रयोग पदवीच्या भौतिकशास्त्रात परिचयाचा आहे. विद्यार्थी रोध व तापमान यांचा आलेख काढतो, स्थिरांक शोधतो आणि प्रात्यक्षिक वही तपासून घेतो. वापरलेला तापमापी स्वतः अचूक आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाणी १०० अंशांना उकळते, हे गृहीत धरले जाते. वस्तुतः हिंगोली परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. म्हणजे ज्या संदर्भबिंदूवर विद्यार्थी विसंबतो, तोच दीड अंशाने सरकलेला असतो. गॅरेजमध्ये सेन्सर आहे, पण आलेख नाही. प्रयोगशाळेत आलेख आहे, पण सेन्सर नाही.

पर्यायी मांडणी :

भंगारात जाणारा एखादा सेन्सर प्रयोगशाळेत आणणे अवघड नाही. तो व विश्वसनीय तापमापी पाण्यात शेजारी शेजारी, भांड्याच्या तळाला न टेकविता धरावेत. पाणी ढवळत ३० ते ९५ अंशांदरम्यान सहा-सात नोंदी घ्याव्यात. त्या तापविताना व थंड होताना अशा दोन्ही वेळी घ्याव्यात. या नोंदी निर्मात्याच्या कोष्टकाशी ताडून प्रत्येक बिंदूवरील फरक लिहावा. या सेन्सरला पीळ देऊन दुरुस्त करता येत नाही. म्हणून येथे अंशशोधनाचा अर्थ फरक जाणणे, एवढाच आहे. त्यानंतर वाहनातील तारा व जोडणी यांचा रोध स्वतंत्रपणे मोजावा.

निष्कर्ष :

१. सेन्सरची तपासणी थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत झाल्याशिवाय तो बाद ठरवू नये.
२. सेन्सर, जोडणी व थर्मोस्टॅट यांची तपासणी वेगवेगळी व्हावी.
३. प्रात्यक्षिकाच्या गुणांत आलेखाइतकेच महत्त्व त्रुटीच्या विवेचनाला मिळावे.

अनावश्यक सुट्या भागाचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या खिशातून जातो. आपल्या पदवीधरास स्थिरांक पाठ असूनही हा खर्च टाळता येत नसेल, तर उणीव विद्यार्थ्यात नसून आपण त्याला विचारलेल्या प्रश्नांत आहे.