नोम पेन्हमधला कलेचा वर्ग

नोम पेन्हमध्ये राष्ट्रीय संग्रहालयाच्या कडेने जाणाऱ्या 178 क्रमांकाच्या रस्त्यावर चित्रांची दुकानं आहेत. मावळतीचं अंकोर वाट, नाचणाऱ्या अप्सरा, बायोन मंदिराचे हसरे दगडी चेहरे, भातखाचरं. विषय ठरलेले, फक्त मापं वेगवेगळी. जवळच रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ फाइन आर्ट्स आहे. ही दुकानं आणि हे विद्यापीठ एकमेकांच्या इतक्या जवळ असण्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. कंबोडियातले तरुण कलावंत आज काय करू पाहतात, हे समजायचं तर आधी तो पाहावा लागतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच अधिकारी जॉर्ज ग्रोलिए यांनी इथे कलाशाळा उभी केली. ख्मेर कला लयाला चालली आहे, ती मूळ रूपात टिकवली पाहिजे, ही त्यांची धारणा. त्यामुळे शिकवणं म्हणजे जुने नमुने गिरवून घेणं. आपल्याकडे 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूललाही साहेबाने कारागिरी जपण्याचं काम लावलं होतं, पण मुंबईत त्याबरोबर पाश्चात्त्य वास्तवदर्शी चित्रकलाही शिकवली गेली आणि पुढे तिच्याशी भांडणारे चित्रकारही तिथूनच निघाले. नोम पेन्हमध्ये तसं भांडायलाही काही ठेवलं नव्हतं. ‘क्बाच’ म्हणजे ख्मेर नक्षीचे घटक. ते हातात मुरेपर्यंत गिरवायचे. त्या नक्षीचं शास्त्र फार सुंदर आहे, त्याची हेटाळणी मला करायची नाही. पण आपल्या डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टींचं काय करायचं, हे त्या शाळेने विद्यार्थ्याला विचारलं नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागलं होतं. 1965 मध्ये वास्तुविशारद वान मोलिवान यांच्याकडे नव्या कलाविद्यापीठाची धुरा आली, शहरात आधुनिक इमारती उठल्या, चित्रकार, गायक, सिनेमावाले पुढे आले. ते सगळं 17 एप्रिल 1975 रोजी थांबलं. ख्मेर रूजच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत सुमारे सतरा लाख माणसं मेली आणि कलावंतांपैकी दहातले नऊ गेले असं सांगितलं जातं. एस-21 या तुरुंगातून चित्रकार वान नाथ वाचले, कारण तुरुंगाधिकाऱ्याला त्या राजवटीचा नेता पोल पॉट याची चित्रं काढणारा माणूस हवा होता. पुढे त्यांनी तुरुंगातल्या छळाची चित्रं काढली आणि जगाने कंबोडियन चित्रकला म्हटलं की बराच काळ तीच चित्रं आठवली. त्यांचं मोल कमी नाही. मात्र त्यांच्यानंतरच्या प्रत्येक कलावंताकडून परदेशी प्रेक्षक तीच जखम मागू लागला. या मागणीचं ओझं तरुणांच्या खांद्यावर अजून आहे.

शिकवण्याची पद्धत बदलण्याचा पहिला गंभीर प्रयत्न रेयुम संस्थेने केला. ली दारावुथ आणि इंग्रिड म्युआन यांनी ती 1998 मध्ये सुरू केली. प्रदर्शनं, पुस्तकं, मुलांसाठी कलाशाळा, आणि या सगळ्याच्या मुळाशी संशोधन. म्युआन 2005 मध्ये अकाली गेल्या आणि काही वर्षांत रेयुमचंही काम थांबलं. तोवर फोटोग्राफीच्या कार्यशाळांमधून एक नवी पिढी घडत होती. त्यांतल्याच वांडी रत्तना, ख्वाय सामनांग, लिम सोकचानलिना, वूथ लीनो, हेंग रावुथ आणि कोंग वोल्लाक या सहा जणांनी 2007 मध्ये ‘स्तिएव सेलापाक’ हा गट बांधला. 2010 मध्ये याच गटाने ‘सा सा आर्ट प्रोजेक्ट्स’ ही जागा उघडली. इथले समकालीन कलेचे वर्ग हा या लेखाचा खरा विषय आहे.

जागा कुठली निवडली, हे महत्त्वाचं. 1963 साली बांधलेली, लू बान हाप यांच्या आराखड्याची, साडेचारशेहून अधिक घरांची ही लांबलचक वसाहत. लोक तिला ‘व्हाइट बिल्डिंग’ म्हणत. 1979 नंतर वाचलेले नर्तक, वादक, चित्रकार इथे राहायला आले, कारण राष्ट्रीय नाट्यगृह जवळच होतं. नंतर ते नाट्यगृह जळालं आणि पाडलं गेलं. शेजारची देय क्राहोम वस्ती 2009 मध्ये बुलडोझर लावून उठवली. अशा, गरिबी आणि बदनामी दोन्ही वाट्याला आलेल्या इमारतीत या मंडळींनी वर्ग भरवला आणि तिथल्याच मुलांच्या हातात कॅमेरे दिले. पुतळा समोर ठेवून रेखाटन करणाऱ्या मुलाला आणि आपल्याच जिन्यावरच्या आजीचा फोटो काढणाऱ्या मुलाला कलेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी कळतात. दुसऱ्याला आधी आजीशी बोलावं लागतं.

हेच या वर्गाच्या शिकवण्याचं मर्म आहे असं मी मानतो. विद्यार्थी एखादा विषय धरतो, त्याच्या मागे जातो, माणसांना भेटतो, सोबत्यांसमोर अर्धवट काम मांडतो, बोलणी ऐकतो, पुन्हा करतो, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन होतं. शिकवणारे स्वतः काम करणारे कलावंत. येणाऱ्याने कलाविद्यापीठात शिकलेलं असलंच पाहिजे अशी अट नाही.

शिकवणाऱ्यांचं स्वतःचं काम पाहिलं की ही पद्धत कुठून आली ते उलगडतं. वांडी रत्तना यांनी 2009 मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीने पडलेल्या खड्ड्यांचे फोटो काढले. आज ती नितळ, हिरवी तळी दिसतात. भोवतालच्या गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय त्यांचा इतिहास कळत नाही. ख्वाय सामनांग शहरातल्या बुजवल्या जाणाऱ्या तळ्यांत उतरले आणि त्यांनी डोक्यावर बादलीभर वाळू ओतून घेतली. बुंग काक तळ्यात भराव पडून हजारो कुटुंबं उठवली जात होती तो हा काळ. निषेधाचा फलक हाती घेणं जिथे धोक्याचं, तिथे एका माणसाने मुकाट्याने केलेली ही कृती फलकापेक्षा जास्त बोलते. लिम सोकचानलिना यांनी रस्तारुंदीकरणात अर्ध्यावर कापलेली राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 5 लगतची घरं टिपली. घराचा उरलेला अर्धा भाग जिद्दीने उभा, आत संसार चालू. 2017 मध्ये व्हाइट बिल्डिंगही पाडली गेली, आणि रहिवासी मागे सोडून गेलेली देवघरं गोळा करून वूथ लीनो यांनी त्यांची मांडणी केली. ही मला या गटाची सर्वांत थोर कलाकृती वाटते. तिथे शोक आहे, पण तो मागच्या शतकातल्या संहाराचा नाही, डोळ्यांदेखत तुटलेल्या शेजाराचा आहे. जखम मागणाऱ्या प्रेक्षकाला दिलेलं याहून नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

इमारत गेल्यावर सा सा शहरात दुसरीकडे हललं आणि वर्ग चालू राहिले. 2022 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या पंधराव्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनातही सा सा होतं. इथून पुढे माझी काळजी सुरू होते.

पहिली काळजी साच्याची. गिरवणं मोडून काढणाऱ्या वर्गातही नवं गिरवणं तयार होऊ शकतं. शरीर, पाणी किंवा मातीचा विस्तार, एक संथ कृती आणि त्याचा व्हिडिओ ही ख्वाय सामनांग यांनी कमावलेली भाषा आहे. रबराच्या मळ्यात अंगावर चीक ओतून घेताना त्यांनी स्वतःच्या कातडीची किंमत मोजली. तेच रूप विद्यार्थ्याने उचललं तर हाती फक्त शैली राहते. काही महिन्यांचा अभ्यास, एक निवेदन, एक प्रदर्शन या चौकटीत असं उसनं घेणं सोपं असतं, आणि परदेशी क्युरेटरला ते ओळखीचंही वाटतं.

दुसरी काळजी हाताची. विषय, संशोधन, संवाद यांवर भर देताना साहित्याशी झटापट मागे पडते. म्हणून मला तिथ कनिथा यांचं काम फार महत्त्वाचं वाटतं. बारीक पोलादी तार वळवत, गुंफत त्या आकार वाढवत नेतात; आधी ठरवलेला अर्थ नाही, हात नेईल तिथे जाणं आहे. 2022 च्या कार्नेगी इंटरनॅशनल या प्रदर्शनात ही शिल्पं होती. शिल्पकार सोफीप पिच यांनीही अमेरिकेतून परतल्यावर वेत आणि बांबू हाती धरले आणि त्यातूनच त्यांचा विचार घडला. वर्गात कल्पना मांडायला जितका वेळ मिळतो तितका तार, वेत, माती यांच्याशी बसायलाही मिळावा. विद्यापीठात क्बाच शिकलेला विद्यार्थी इथे येतो तेव्हा त्याच्या बोटांतलं ज्ञान जुनाट म्हणून दाराबाहेर ठेवायला लावू नये. ते आत येऊन नव्या प्रश्नांना भिडलं तर काहीतरी अनपेक्षित हाती लागेल.

तिसरी काळजी सर्वांत मोठी. या कलेवर लिहिलं जातं ते बहुतांशी इंग्रजीत, आणि पैसाही बराचसा बाहेरून येतो. ज्या गॅलरीने या पिढीला जगापुढे नेलं ती सा सा बसाक 2018 मध्ये बंद झाली. अशा वेळी तरुण कलावंत कुणासाठी काम करतो? अर्ज वाचणाऱ्या समितीसाठी, की महामार्ग क्रमांक 5 वर अर्ध्या घरात राहणाऱ्या माणसासाठी? व्हाइट बिल्डिंगमध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण प्रेक्षक जिन्यातच राहत होता. आता तो मुद्दाम जमवावा लागतो. माझ्या मते सा सासारख्या संस्थांनी पुढची गुंतवणूक ख्मेर भाषेतल्या समीक्षेत करावी. कलावंतांच्या वर्गाशेजारी लिहिणाऱ्यांचा वर्ग भरवावा, प्रत्येक प्रदर्शनामागे निदान एक खणखणीत लेख ख्मेरमध्ये छापावा, आणि त्यात स्तुतीबरोबर हे काम का जमलं नाही हेही सांगावं. रेयुमने पुस्तकं काढून त्याची सुरुवात करून ठेवली होती. वर्गातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोण पाच वर्षांनंतरही स्वतःचा विषय सोडत नाही, हे नोंदवणारं माणूस नोम पेन्हमध्येच हवं.